नाटक, वर्ग आणि स्क्रीन: तिन्हीकडे लिहून जगायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी एकांकिका लिहिणारं कुणीतरी भेटतं, बहुतेक वेळा स्पर्धा संपल्यावर भरत नाट्य मंदिराच्या बाहेर चहा पिताना, आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई नाटक सोडायचं नाहीये पण घरभाडं कसं भरायचं. मी गेली बरीच वर्षं नाटक लिहितेय, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय आणि शाळेच्या डिजिटल धड्यांच्या संहिता लिहितेय, त्यामुळे प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

पहिलं म्हणजे ही तीन वेगळी करिअर आहेत असं डोक्यातून काढा. एक पोटासाठी, एक प्रतिष्ठेसाठी, एक आवडीसाठी अशी वाटणी केली की दोन वर्षांत माणूस तिन्हीकडे अर्धवट होतो, मी बघितलंय. माझ्यापुरतं सांगायचं तर तिन्हीकडे मी एकच गोष्ट शोधत असते: समोरच्याला कुठे तोंड उघडावंसं वाटतं ती जागा. नाटकात त्या जागेवर प्रेक्षक पुढे सरकून बसतो, वर्गात तिथे एखादा हात वर होतो, आणि स्क्रीनवर नेमकं तिथे बटण द्यायचं असतं. ही जागा ओळखायला शिकलात की माध्यम बदललं तरी काम तेच राहतं.

आणि हे काही आपण नव्याने शोधलेलं नाही. इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ साली नट आणि शिक्षक यांची एकत्र टीम करून शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली, तिथून थिएटर इन एज्युकेशन हा प्रकार रुजला. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची टीआयई, म्हणजे थिएटर इन एज्युकेशन, कंपनी १९८९ पासून मुलांबरोबर काम करतेय. मराठीत तर सुधा करमरकरांची लिटल थिएटर ही बालरंगभूमी १९५९ ची, आणि १९८६ पासून पुण्यात डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अ‍ॅकॅडमीच्या मंडळींनी बर्लिनहून ग्रिप्स आणलं, ज्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि परीकथेऐवजी मुलांच्या घरातले, शाळेतले खरे प्रश्न येतात. १९८४ मध्ये पुण्यातच बालचित्रवाणी सुरू झाली, टीव्हीवरून शाळेचे धडे देण्यासाठी. म्हणजे नाटकवाल्यांनी शिक्षणाच्या पडद्यासाठी लिहायचं ही वाट आपल्या गावातूनच गेलेली आहे.

आधी नाटक, आणि तेही तालमीत बसून

एकांकिका लिहा हे सगळेच सांगतात. कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, फिरोदिया करंडकाच्या स्पर्धेत एकाच सादरीकरणात गाणं, नाच, चित्र असं बरंच काही बांधावं लागतं, बालनाट्याच्या आणि राज्य नाट्य स्पर्धा आहेत, संधी भरपूर आहेत. पण माझा आग्रह वेगळाच आहे, एक अख्खा सीझन प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट विसरला की वाक्य सुचवायला, बसा. स्वतःच्या नाटकाला नाही, दुसऱ्याच्या. हातात संहिता, पेन्सिल, आणि नट जिथे जिथे अडखळतो तिथे खूण करायची. पहिल्या आठवड्यातलं अडखळणं पाठांतराचं असतं, ते सोडून द्या. पण तिसऱ्या आठवड्यातही नट त्याच वाक्यावर अडखळत असेल तर ते वाक्य लेखकाचं आहे, पात्राचं नाही. अशा खुणांची एक वही झाली की तुम्हाला संवाद लिहिण्याबद्दल जे कळतं ते कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही, आणि पुढे डिजिटल धड्यासाठी व्हॉइसओव्हर लिहिताना हीच वही सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

जमलं तर आकाशवाणीसाठी एखादी श्रुतिका लिहून बघा. नुसत्या आवाजावर प्रसंग उभा करायचा, कोण बोलतंय, कुठे उभं आहे, दार उघडलं का बंद झालं हे सगळं शब्दात आणि आवाजात. ज्यांनी हे केलंय त्यांना ऑडिओ धडे वेगळे शिकावे लागत नाहीत.

प्रयोग लावायचा असेल तर महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं हे नवीन लोक विसरतात आणि मग तारीख जवळ आली की धावपळ. संहिता पूर्ण झाली की लगेच पाठवा. आणि कृपा करून युनिकोडमध्ये टाइप करा. माझी सुरुवातीची नाटकं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आज उघडली की नुसते गोंधळलेले इंग्रजी अक्षरांचे पुंजके दिसतात, त्यातलं एक दोन-अंकी नाटक मला छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करायला लागलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड पंधरा दिवसांत बसतो हातात.

शिकवणं

कॉलेजात शिकवायचं असेल तर सरळ रस्ता एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीला एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, आहेच. नाटक विषयासाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत दीर्घ अनुभवाच्या व्यावसायिक कलावंतांना वेगळी वाट ठेवलेली आहे आणि २०२२ पासून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस नावाचा प्रकारही आलाय, तो साधारण पंधरा वर्षं क्षेत्रात काढलेल्यांसाठी आहे, त्यामुळे आत्ता पंचविशीत असलेल्यांनी आपल्या कामाची नोंद आजपासून ठेवावी. प्रत्येक प्रयोगाचं पत्रक, जाहिरातीचं कात्रण, मानधनाची पावती, प्रमाणपत्र, सगळं एका फाइलीत. दहा वर्षांनी कुणी विचारलं की अनुभव दाखवा तर तोंडी सांगून भागत नाही.

पण तासिका तत्त्वावरच्या पैशात घर चालत नाही हेही स्पष्ट सांगते, आणि बिल उशिरा निघतं. मी एका ठिकाणी शिकवलेल्या तासांचे पैसे पुढच्या शैक्षणिक वर्षात मिळाले. तो पैसा हातात आला की बोनस समजायचा, त्याच्या भरवशावर हप्ता घ्यायचा नाही. मग शिकवायचं कशासाठी? कारण वर्गात तुम्हाला रोज ऐकणारे मिळतात आणि ते सभ्यपणा म्हणून टाळ्या वाजवत नाहीत. कंटाळा आला की बेंचखाली मोबाइल निघतो, त्याच क्षणी. नाटकाला आलेला प्रेक्षक इतकं प्रामाणिक उत्तर सहसा देत नाही.

शाळेत जायचं ठरवलं तर एक करा, आधी त्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक विकत घ्या आणि त्यातल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं ती यादी, वाचा. नाटकवाले शाळेत जातात आणि मुलांना झाड व्हायला सांगतात, वारा व्हायला सांगतात, मुलं खूश होतात, पण शिक्षिकेला पोर्शन संपवायचा असतो आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला बोलवत नाही. तिला सांगा की मी तुमचा सातवीचा अमुक धडा दोन तासिकांत नाटकातून घेते, तुमच्या टाचणात, म्हणजे तासाच्या आखणीत, कुठे बसतो तेही लिहून देते. दार लगेच उघडतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-समेकित शिक्षणाचा उल्लेख आहे, मुख्याध्यापकांशी बोलताना त्याचा आधार घ्या.

आता स्क्रीन, आणि इथे मी जरा थांबणार आहे

डिजिटल धडा कसा बनतो ते आधी समजून घ्या. विषयतज्ज्ञ मजकूर देतो, लेखक त्याचा स्टोरीबोर्ड करतो, मग चित्रकार, आवाज, अ‍ॅनिमेशन, तपासणी, आणि शेवटी तो एलएमएसवर, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्रणालीवर, चढतो किंवा दीक्षासारख्या सरकारी शैक्षणिक प्लॅटफॉर्मवर जातो, जिथे पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की मुलापर्यंत पोचतो. दीक्षा २०१७ ला आलं, आणि तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्यांची गरज वाढली. स्टोरीबोर्ड म्हणजे एक तक्ता असतो, स्क्रीन क्रमांक, पडद्यावरचा मजकूर, ऐकू येणारा आवाज, दिसणारं चित्र, आणि मुलाने काय करायचं. नाटकवाल्याला हा तक्ता बघून घाबरायचं कारण नाही, संवाद, नेपथ्य, प्रकाश आणि हालचाल यांचीच ती वेगळी मांडणी आहे. फरक फक्त शेवटच्या रकान्याचा, मुलाने काय करायचं, आणि सगळी कला त्याच रकान्यात आहे.

एक उदाहरण जवळून दाखवते. मला सरळव्याजाचा धडा लिहायचा होता. आलेला मजकूर असा होता: सरळव्याज म्हणजे मुद्दलावर ठराविक दराने व ठराविक मुदतीसाठी आकारले जाणारे व्याज होय. बरोबर आहे, चूक काहीच नाही, पण हे ऐकून कुठलं मूल तोंड उघडेल? मी त्याचा प्रवेश केला. घरात आत्या आलीय, तिने शिलाई मशीनसाठी वीस हजार उसने घेतलेत, सोनाली आठवीत आहे.

आत्या: शेकडा तीननं मिळाले बाई. तीनच टक्के. बँक तर बारा टक्के मागत होती.
आई: मग बरंच झालं की.
(सोनाली वहीतून वर बघते.)
सोनाली: आत्या, तीन टक्के महिन्याला का वर्षाला?

पहिल्या मसुद्यात मी इथे आत्याचं उत्तर टाकलं होतं, महिन्याला गं, आणि मग पडद्यावर हिशोब येत होता: महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजार दोनशे, आणि बँकेत वर्षाला दोन हजार चारशे. त्यानंतर प्रश्न आणि चार पर्याय. मला धडा छान झालाय असं वाटत होतं. तो घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत गेले, एक टॅब आणि भोवती सात मुलं, मी मागे भिंतीला टेकून. आई म्हणाली "मग बरंच झालं की" आणि एक मुलगी टॅबवर ओरडली, "अहो थांबा, महिन्याचं आहे ते!" सोनालीने विचारायच्या आधी. बाकीची तिच्याकडे बघायला लागली, दोघांचं भांडण लागलं, एक म्हणतो वर्षाचं, दुसरा म्हणतो आमच्या चुलत्यांनी घेतलंय महिन्याचंच असतं, आणि टॅबवर धडा तसाच पुढे चालला होता, कुणी ऐकतच नव्हतं. माझ्या प्रश्नाच्या स्क्रीनपर्यंत धडा पोचला तेव्हा मुलांचा वाद संपून गेला होता.

त्या दिवशी घरी येताना एसटीत बसून मी धडा उलटा केला. सोनालीचं वाक्य काढून टाकलं. आई "बरंच झालं की" म्हणते आणि सगळं थांबतं, तिघीही गप्प, फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, आणि पडद्यावर तीन बटणं: सोनालीने गप्प बसावं, आत्याला काहीतरी विचारावं, वहीत हिशोब करून बघावा. गप्प बसलं तर कथा वर्षभर पुढे जाते आणि आत्या मशीन विकायला काढते. विचारलं तर काय विचारायचं ते मूल निवडतं. म्हणजे सोनालीचं वाक्य मी मुलांना देऊन टाकलं. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल याने फोरम थिएटरमध्ये हेच केलं होतं, प्रसंग थांबवायचा आणि प्रेक्षकाने उठून पात्राची जागा घ्यायची. ते मी कॉलेजात शिकवत होते, तरी ते माझ्या स्टोरीबोर्डमध्ये उतरायला त्या मुलीचं ओरडणं लागलं.

तर लेखन शिकायचा मार्ग हा: तुमची एखादी एकांकिका घ्या, तिच्यातली तीन ठिकाणं निवडा जिथे पात्र वेगळं वागू शकलं असतं, आणि तिथे फाटे फोडा. यासाठी ट्वाइन नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये चालतं, मराठी नीट दिसतं, कोडिंग लागत नाही, चौकोनात मजकूर लिहायचा आणि दुहेरी चौकटी कंसात पुढच्या चौकोनाचं नाव टाकायचं की दुवा तयार. त्यानंतर एचफाइव्हपी (H5P) शिका, तेही ओपन सोर्स आहे, त्यात ब्रांचिंग सिनारिओ (फाटे फुटणारी गोष्ट) आणि इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ असे तयार साचे मिळतात आणि ते मूडल या फुकट एलएमएसमध्ये बसतात. मूडलवर स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा कोर्स लावून बघितलात तर मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी असेल. आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. एवढ्यावर काम सुरू होतं, महागडं सॉफ्टवेअर कंपनी देते तेव्हा शिका.

फाटे फोडताना एक सांभाळा, प्रत्येक फाट्याला पुढे दोन फाटे दिलेत तर पाचव्या पायरीला बत्तीस शेवट लिहावे लागतात आणि ते कुणीच लिहीत नाही. फाटा फुटला की दोन-तीन स्क्रीननंतर मूळ वाटेला आणून मिळवा, फक्त पात्राच्या मनात फरक राहू द्या. आत्याला विचारलं असेल तर पुढच्या प्रसंगात ती सोनालीला स्वतःहून हिशोब दाखवते, नसेल विचारलं तर वही लपवते. प्रसंग एकच, लिहायचे संवाद चार.

व्हॉइसओव्हर लिहिताना मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मुलांसाठीच्या धड्यात मी मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द धरते, त्यापेक्षा जास्त झालं की काटते. आणि आवाजाच्या प्रतीवर च आणि ज च्या खाली खुणा करा. "जग" हा शब्द दुनिया म्हणून वेगळा उच्चारतो आणि जगणे मधला वेगळा, लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. हल्ली मशीनचा आवाज वापरतात, तो इथेच हमखास चुकतो, आणि विदर्भातलं किंवा कोकणातलं मूल ते ऐकून लगेच ओळखतं की हे आपल्यातलं माणूस बोलत नाहीये. मशीनचा आवाज तात्पुरता ठेवा, शेवटचा आवाज नटाचा घ्या म्हणून भांडा, तुमच्याच ग्रुपमधल्या नटांना त्यातून काम मिळतं.

पैसे आणि हक्क

एका कंपनीसाठी मी अकरा धड्यांची मालिका लिहिली होती, करार मेलवर आला, पानं बरीच होती, मी शेवटच्या पानावर सही केली. दोन वर्षांनी माझी पात्रं, माझे संवाद, दुसऱ्या नावाने पुस्तकात छापलेले दिसले आणि मला काही करता आलं नाही कारण सगळे हक्क मीच लिहून दिले होते. त्यामुळे हे जरा लक्ष देऊन वाचा.

तुम्ही पगारी नोकरीत असाल आणि कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल तर कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे वेगळा करार नसल्यास पहिला मालक कंपनी असते. तुम्ही फ्रीलान्स असाल तर मालक तुम्ही, आणि हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करूनच जातात. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून "कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, सर्व माध्यमांत" असे शब्द दिसले की थांबा, आणि विचारा की फक्त डिजिटल धड्याचे हक्क का नको, नाटकाचे आणि छापील हक्क माझ्याकडे राहू देत. अनेकदा समोरचा मान्य करतो, त्याने तो मसुदा नुसता कॉपी केलेला असतो. हक्क दिले तरी लेखक म्हणून नाव सांगायचा तुमचा अधिकार कायद्याने राहतो, पण श्रेयनामावलीत नाव येईल हे करारात लिहूनच घ्या. आणि शाळेच्या गॅदरिंगला मुलांनी, शिक्षकांनी तुमचं नाटक केलं आणि बघायला फक्त पालक, विद्यार्थी, शिक्षकच असतील तर त्याला कायद्यात सूट आहे, तिथे मानधनासाठी अडून बसू नका, तिकीट लावलं असेल तर मात्र जरूर मागा.

दर ठरवताना शब्दांवर घेऊ नका, स्क्रीनवर किंवा पूर्ण धड्यावर घ्या आणि किती वेळा दुरुस्ती करून द्याल तो आकडा लिहा. मी दोन लिहिते. काही रक्कम आधी घ्या. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, बहुधा दहा टक्के कापतात, विवरणपत्र भरलं की तो परत मिळू शकतो, ते भरत जा.

वर्षाची आखणी साधारण अशी बसते: एप्रिल-मे मध्ये बालनाट्य शिबिरं, जून जवळ आला की डिजिटल धड्यांची घाई, पावसाळ्यात कॉलेजच्या एकांकिका, दिवाळीनंतर राज्य नाट्य, डिसेंबरात गॅदरिंग. जानेवारी-फेब्रुवारी मी कुणाला देत नाही, तेव्हा स्वतःचं नाटक लिहिते, आणि हे दोन महिने कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवते कारण नाही ठेवले तर ते कुणीतरी घेतंच.

काम मागायला जाताना बायोडेटापेक्षा तीन गोष्टी न्या. प्रयोग झालेल्या एकांकिकेचे दोन प्रवेश, एका तासिकेचं टाचण, आणि ट्वाइनमध्ये केलेला एक फाटे फुटलेला धडा, तिन्ही एकाच विषयावर असतील तर उत्तम. तो धडा पाठवायच्या आधी ओळखीच्या चार-पाच मुलांना दाखवा, इमारतीतली असली तरी चालतील. तुम्ही काही समजावून सांगू नका, मागे उभ्या राहा किंवा उभे राहा, हातात पेन्सिल ठेवा, आणि कुठल्या वाक्यावर कोण बोललं तेवढं टिपून घ्या.